संध्याकाळी या

तंगेव्वाचा फोन पहाटे पावणेसहाला:
“एम्मी बेदिगे बंदैत्री, लगोलग या.”
मी म्हटलं, संध्याकाळी येतो.
ती फोनवरच तापली.
म्हैस रात्रभर हंबरतीय, दावं तोडतीय,
काचेसारखा सोट लोंबतोय,
आणि डाक्टर म्हणतोय संध्याकाळी!

(मी डॉक्टर नाही. पिशवी, नायट्रोजनचा कॅन आणि मोटरसायकल.
सत्तावीस वर्षं, सदलगा ते बेडकिहाळ,
अर्ध्या गोठ्यांत मराठी, अर्ध्यांत कन्नड,
आणि सगळीकडे एकच वाक्य: सकाळी माज, तर संध्याकाळी मी.)

दूधगंगेवरून ऊन उतरल्यावर पोचलो.
कॅनचं झाकण काढलं, पांढरी वाफ घमेल्यावर सांडली.
गव्हाच्या काडीएवढी नळी, तिच्यावर रेड्याचा नंबर.
रेडा मरून चार वर्षं झाली.
नळी कोमट पाण्यात धरली आणि मोजू लागलो,
ओंदु, येरडु, मूरु...
हिशेब मराठीत शिकलो, पण हे तीस आकडे
मला कन्नडमध्येच येतात. का, ते विचारू नका.

तंगेव्वाची नात श्रीदेवी, बारावी सायन्स,
दाराच्या चौकटीला टेकून:
“आता सुटले की पळत जाऊन फळवणार?”

नाही गं.
पोहता येतं त्यांना, फळवता येत नाही.
अंगावर बापाघरचा लेप असतो,
चरबीचा, चिकट, सांभाळून आणलेला.
तो आत गेल्यावर उतरतो, म्हशीच्या ओलाव्यात,
तिच्या क्षारांनी, तिच्या वेळेनं.
तोवर ते नळीच्या भिंतीला डोकं टेकून
गप्प.

आमच्याकडं तंबाखू कापून वावरात पसरतात,
ठाऊक आहे ना तुला?
भर दुपारी पानाला हात लावला तर चुरा होतो.
पहाटे दव पितं, मऊ पडतं,
मग कुठं ते उलटायचं.

तसं काहीतरी.
मग शेपूट वेडं होतं. आधी सरळ वल्हवत होतं,
आता चाबकासारखं, एकाच अंगानं, झटके देत,
भिंतीपासून सुटतं.
डोक्यावरची टोपी अजून शिल्लक असते,
ती बीजांडापाशी फुटायची. आधी फुटली तर वाया.

“मग सगळे एकदम तयार होतात?”
नाही. थोडे आत्ता, थोडे मध्यरात्री, थोडे पहाटे.
आणि तयार झालेला फार टिकत नाही.
मागं फिरता येत नाही त्याला.
हे गोठवलेले तर बर्फातच अर्धे तयार होऊन बसतात,
म्हणून तर मी सकाळी येत नाही, तंगेव्वा.

तंगेव्वानं शेपटी बाजूला धरली होती.
बराच वेळ काही बोलली नाही.
मग हसायला लागली, इतकी की म्हैस दचकली.
“आमचे हे बी कुरुंदवाडहून घरजावई आले तवा
फेटा, मिशा, मराठी, समदं कडक.
आमच्या अव्वानं दोन वर्षं नुसती ताकभाकरी घातली,
कामाला हात लावू दिला न्हाई.
मग एक दिवस मोटेवर उभं राहून
बैलास्नी कन्नडमधनं शिवी दिली.
अव्वा म्हनली, आता झाला!”

गोठ्याच्या टोकाला म्हातारा मगदूम पेंड भिजवत होता.
ऐकू आलं असणार. मान वर केली नाही.

मी हातमोजा चढवला. आत उबारा होता, नेहमीचाच,
बोटांना ओळखीचा, कुठल्याही गोठ्यात सारखा.
गन सरकवली, दट्ट्या हळू दाबला.
एवढंच माझं काम. पुढचं
मला कधी दिसलेलं नाही.

वहीत तारीख, नंबर, वेळ: सात वाजून दहा.
एकवीस दिवसांनी बघा, पुन्हा माजली तर फोन करा.
श्रीदेवी विचारते, आणि नाही माजली तर?
तर करू नका.

मोटरसायकलला किक मारली तेव्हा
मगदूम उठला, हात पुसत रस्त्यापर्यंत आला,
कॅनला हात लावून पाहिला, झटकन मागे घेतला.
“गार हाय,” म्हणाला मराठीत.
आणि गोठ्याकडे वळून, म्हशीला,
काहीतरी कन्नडमध्ये.